धान्य मापायचं, मसाला जोखायचा: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याबरोबर तीन महिने

हा काटा मी घेतला तो आईच्या वहीसाठी. लेक अमेरिकेत, ओहायोत असते. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला, "आई, आजीची चकलीची भाजणी मला ग्रॅममध्ये लिहून दे, इथे मापटं कुठून आणू?" वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, १९५७ पासूनची. पहिल्या पानावर 'तांदूळ ४ चि. शि., ह. डाळ २ चि., उडीद डाळ १ चि., मूग डाळ १ को., धणे नवटाक, जिरे ५ तो.' एवढंच. कृती नाही. आईला कृती लिहायची गरजच नव्हती.

म्हणून ७४९ रुपयांचा एक काटा ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीचे काटे पाच-सहा नावांनी विकले जातात आणि मी जे सांगणार आहे ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. वरून काच, खाली प्लास्टिक, क्षमता ५ किलो, एकेका ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन बारीक सेल लागतात. समोर दोन बटणं. एकावर 'झेड/टी' आणि दुसऱ्यावर 'युनिट'. बॉक्सवर पाच एककांची नावं छापलेली, सगळी इंग्रजी आद्याक्षरांत: जी, केजी, एलबी-ओझेड, एफएल ओझेड, एमएल. मराठी किंवा हिंदी माहितीपत्रक नाही. जे इंग्रजी आहे त्यात या अक्षरांचा अर्थ कुठेही दिलेला नाही. ज्या घरात पहिल्यांदा काटा येतो त्या घराला हे माहीत असेल असं कंपनीनं गृहीत धरलंय, आणि ही मला या वस्तूतली सर्वांत मोठी उणीव वाटते. तेव्हा आधी काट्याच्या कामाचं सांगते, मग या अक्षरांचं.

काटा बरोबर दाखवतो का, हे घरच्या घरी तपासता येतं. रुपयाचं चिन्ह असलेली दहाची दहा नाणी घ्या. एकेक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, दहांचे ७७ ग्रॅम यायला हवेत. माझ्याकडे ७७ आले. काचेच्या मधोमध ठेवून ७७, कोपऱ्यात ठेवूनही ७७. तीन महिन्यांनी परवा पुन्हा केलं, तेव्हाही ७७. या बाबतीत पूर्ण समाधान आहे.

'झेड/टी'मधला झेड म्हणजे शून्य आणि टी म्हणजे टेअर. या टेअरला आपल्याकडे चांगला शब्द आहे: धडा. माझ्या सासऱ्यांचं कराडजवळ किराण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक तेलाचा डबा घेऊन आलं की ते आधी रिकामा डबा तागडीच्या एका पारड्यात ठेवायचे आणि दुसऱ्या पारड्यात दगड, खिळे, जे हाताला येईल ते टाकून काटा मधे आणायचे. याला धडा करणं म्हणत. धडा झाला की मग वजन टाकून तेल ओतायचं. डब्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी पडू नये यासाठीची ती रीत. काट्यावरचं बटण हेच काम करतं: परात ठेवा, बटण दाबा, शून्य आलं की पीठ घाला, पुन्हा दाबा, पुन्हा शून्य, त्यातच रवा घाला. एकाच भांड्यात सगळं जोखून होतं आणि चार वाट्या कमी धुवायला लागतात. या एका बटणासाठीसुद्धा काटा घ्यावा असं मी म्हणेन.

आता वहीकडे येते.

'चि.' म्हणजे चिपटं, 'को.' म्हणजे कोळवं, 'तो.' म्हणजे तोळा, एवढं मला माहीत होतं. आमच्या भागातली मापं अशी: दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळी दुपटीची चढण असल्यामुळे एक माप सापडलं की बाकीची सापडतात. आईचं पितळी मापटं माझ्याकडे आहे. ते काट्यावर ठेवलं, धडा केला, काठोकाठ पाणी भरलं. आकडा आला ५६०. पाण्याचा एक मिलिलीटर जवळजवळ एक ग्रॅम भरतो, म्हणजे आमचं मापटं ५६० मिलिलीटरचं आणि चिपटं त्याच्या निम्मं, २८०. दुसऱ्या गावचं मापटं वेगळं भरेल. मापं गावोगाव वेगळी होती, म्हणून तुमच्या घरात असेल ते मापटंच पाण्यानं भरून बघा, माझा आकडा घेऊ नका.

मग तेच मापटं एकेक धान्यानं भरत गेले. पूर्ण दुपार त्यात गेली आणि फार आनंदात गेली. इंद्रायणी तांदूळ काठाला सपाट केला तर ४६० ग्रॅम. हरभऱ्याची डाळ ४५०. ज्वारी ४३०. धणे फक्त १८५. पातळ पोहे ६०. चाळलेलं बेसन २३५, आणि तेच हातानं दाबून भरलं की ३३०! एकच भांडं, एकच बेसन, आणि फरक जवळजवळ शंभर ग्रॅमचा. बेसनाचे लाडू एखाद्या वेळी बसतात आणि एखाद्या वेळी टाळूला चिकटतात, याचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं. 'दोन वाट्या बेसन' लिहिणारी बाई चाळून भरते की डब्यातून खोवून घेते, हे ती कधी लिहीत नाही.

'शि.' मात्र कळेना. तांदळापुढे 'शि.', डाळींपुढे नाही. आधी वाटलं शिळा तांदूळ की काय, पण भाजणीला शिळा तांदूळ कसा? शेवटी मावशीला फोन केला. आईची धाकटी बहीण, ८४ वर्षांची, वाईला असते.

"अगं, शिगोशीग," ती लगेच म्हणाली. "तांदूळ शीग लावून घ्यायचा, डाळी काठाला."

माप भरल्यावर वर जो ढीग उभा राहतो ती शीग. तांदळाचं मापटं शिगेसकट भरलं तर ५४५ ग्रॅम आलं, सपाट ४६०. दर मापट्याला ८५ ग्रॅमचा फरक. चार चिपटी म्हणजे दोन मापटी, म्हणजे १७० ग्रॅम तांदूळ मी इतकी वर्षं कमी घेत होते. माझी चकली आईच्यापेक्षा मऊ पडायची आणि मी दोष तेलाच्या तापमानाला द्यायचे. दोन अक्षरं, 'शि' आणि टिंब, एवढ्यात सगळं होतं.

यंदा भाजणी अशी केली: तांदूळ १०९० ग्रॅम, हरभरा डाळ ४५०, उडीद डाळ २३०, मूग डाळ ११५, धणे ११७, जिरे ५८. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, दहा तोळे. एक तोळा ११.६६ ग्रॅमचा. हे तोळ्याचं नीट लक्षात घ्या, कारण सराफाकडे हल्ली तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. सोन्याच्या बोलण्यात ते रूढ झालंय, त्याला इलाज नाही, पण १९५७ सालच्या वहीतला तोळा १० ग्रॅमचा नाही.

चकल्या कशा झाल्या? मावशीला डबा पाठवला. तिनं फोनवर एवढंच विचारलं, "ताईची वही सापडली वाटतं?" मला पुढे बोलवेना.

याहून मोठा गुंता गोडा मसाल्याच्या पानावर निघाला. तिथे लिहिलंय: 'धणे १ शे., खोबरे पावशेर, तीळ नवटाक, दगडफूल ५ तो., दालचिनी २ तो., लवंग १ तो., नागकेशर १ तो., हिंग ६ मा.' मी आजवर एक शेर धणे म्हणजे दोन मापटी धणे घेत आले. आत्ता कळलं की ते ३७० ग्रॅम होतात. आणि मसाला दरवर्षी उग्र व्हायचा, आमटीत घातला की दगडफूल पुढे यायचं. लवंग कमी करून पाहिली, खोबरं वाढवून पाहिलं. हिंगाच्या 'मा.'नं तर मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घाम फोडला होता. 'मा.' म्हणजे मापटं धरलं तर सहा मापटी हिंग! ते मासे आहेत हे सासूबाईंनी सांगितलं. बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा. सहा मासे म्हणजे अर्धा तोळा, सहा ग्रॅमच्या जरा आत. पण 'शे.'बद्दल कुणाला विचारावं असं कधी सुचलंच नाही, कारण तो शब्द मला कळतोय अशी माझी खात्री होती.

पुन्हा मावशीला फोन. ती म्हणाली ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:

"अगं, धान्य मापायचं आणि मसाला जोखायचा. मसाला वाण्याकडून यायचा ना? तो काय मापट्यानं देणार?"

मापणं म्हणजे भांड्यानं, आकारमानानं. जोखणं म्हणजे तागडीत, वजनानं. भाषेत दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि मी दोन्हींना 'मोजणं' म्हणत आले. शेरही तसेच दोन होते. एक मापी शेर, दोन मापट्यांचा. दुसरा वजनाचा पक्का शेर, ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅमचा. वहीत दोन्हीला 'शे.'. धान्याच्या पानावर तो मापाचा, मसाल्याच्या पानावर वजनाचा, आणि आईच्या डोक्यात यात कधी गोंधळ नव्हता. धणे ९३३ ग्रॅम घेऊन मसाला केला. डब्याचं झाकण उघडलं तेव्हा वाईच्या घरातलं माजघर समोर आलं. नवऱ्यानं आमटी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

भाजीवाल्या मावशी अजून 'पावशेर मिरची' म्हणतात आणि २५० ग्रॅम देतात. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा, म्हणजे आपल्याला सतरा ग्रॅम जास्तच मिळतात. शब्द जुना राहिला, वजन नवं आलं. आईच्या वहीतही हा बदल दिसतो. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं यायला लागले. वहीच्या मध्यावर एका पानावर 'साखर १ शे.' खोडून वर 'कि.' लिहिलंय. पुढच्या पानापासून सगळं 'कि.' आणि 'ग्रॅ.'. तारीख नाही, पण शाई वेगळी आहे. धान्याची मापं मात्र शेवटच्या पानापर्यंत चिपटी-मापटीच राहिली.

आता काट्यावरची अक्षरं. हा भाग मी सविस्तर लिहितेय, कारण इथे माझा माल वाया गेला.

'एमएल' या बटणावर विश्वास ठेवू नका. काटा फक्त वजन ओळखतो. वर ठेवलेली वस्तू पाणी आहे, तेल आहे की मध आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. एमएल निवडलं की तो ग्रॅमचाच आकडा दाखवतो आणि पुढचं अक्षर तेवढं बदलतो. पाण्याला हे चालतं. दुधाला थोडा फरक पडतो, अर्धा लीटर दूध माझ्याकडे ५१५ दाखवतं. तेलाला आणखी पडतो: एक लीटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून काटा त्याला ९१० एमएल म्हणतो आणि आपल्याला वाटतं पिशवीत तेल कमी आहे. ते कमी नसतं. तेलाच्या पिशवीवर लीटरसोबत ग्रॅमचाही आकडा असतो, तो बघून काट्यावर ग्रॅममध्येच तपासा. आणि बॉक्सवर मात्र ठळक छापलंय की 'कोणताही द्रव मोजा'. हे चूक आहे. मी कंपनीला तसं लिहिलं, दोन महिने झाले, उत्तर नाही.

मधाच्या बाबतीत तर फारच फसगत होते. लेकीनं ओट्स आणि बदामाच्या वड्यांची कृती पाठवली होती, त्यात 'मध ८ एफएल ओझेड'. काट्यावर एफएल ओझेड आहेच, म्हणून ते निवडलं आणि ८ आकडा येईपर्यंत मध ओतला. वड्या थापल्या, थंड झाल्या, सुरी लावली आणि सगळा भुगा. तीनशे रुपयांचे बदाम त्यात होते. लेकीला विचारलं तेव्हा उलगडलं. नुसतं ओझेड म्हणजे औंस, ते वजन: २८.३५ ग्रॅम. पुढे एफएल लागलं की तो द्रव औंस, ते आकारमान: अमेरिकेत २९.५७ मिलिलीटर, ब्रिटनमध्ये २८.४१. आठ द्रव औंस म्हणजे अमेरिकेतला एक कप. एक कप मध १२ औंस भरतो, ३४० ग्रॅम. काट्यानं तो पाण्यासारखा धरला आणि २३६ ग्रॅमलाच ८ दाखवले. शंभर ग्रॅम मध कमी पडला, वड्या धरणार कशा? म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच आहे: एकच नाव, एक मापायचा औंस, एक जोखायचा. आपला शेर आणि त्यांचा औंस, दोघांची गोष्ट सारखी.

औंस आपल्याला तसा परका नाही. आईच्या पिढीनं लोकर औंसावर घेतली. बाळ अजून 'सात पौंडांचं' जन्मतं आणि बेकरीत केक पौंडावर मागतात. पण पौंडाला एलबी का म्हणतात हे मला कधी कळलं नव्हतं. तो लॅटिन 'लिब्रा' या शब्दावरून आलाय, लिब्रा म्हणजे तागडी. पौंडाच्या नावात एल नाही, बी नाही, म्हणून ते लक्षात ठेवायलाच लागतं. सोळा औंसांचा एक पौंड, ४५३.६ ग्रॅम. काटा या एककात आकडा दोन भागांत दाखवतो. अर्धा किलो रव्याला '१:१.६' असं आलं, म्हणजे एक पौंड आणि वर १.६ औंस. ते टिंब आणि विसर्गासारखी दोन टिंबं इतकी बारीक आहेत की चष्मा लावूनही मला नीट दिसत नाहीत.

त्यातच युनिटचं बटण फार हलकं आहे. परात सरकवताना बोट लागतं आणि एकक बदलतं, आणि काटा पुढच्या वेळी बदललेल्या एककातच सुरू होतो. आकडे मोठे, एककाचं अक्षर मुंगीएवढं. उलटं असतं तर मी आणखी एक तारा दिला असता. मी आता काटा सुरू केला की आकड्याआधी अक्षर बघते, आणि काचेच्या कडेला मार्करनं एक ठिपका काढलाय, जिथे 'जी' दिसायला हवा तिथे.

लेकीला दिलेल्या कागदावर मी कप, औंस काहीच लिहिलं नाही. सगळं ग्रॅममध्ये. फक्त चमचे ठेवले: टीएसपी म्हणजे छोटा, ५ मिलिलीटर, टीबीएसपी म्हणजे मोठा, १५ मिलिलीटर. यातही मधल्या एका बी अक्षरानं तिप्पट फरक पडतो, आणि तो मिठाच्या बाबतीत पडला तर अन्न फेकून द्यावं लागतं. म्हणून तिला मराठीत 'छोटा' आणि 'मोठा' असंच लिहिलं.

आणखी एक गोष्ट, ज्या घरून फराळ विकतात त्यांच्यासाठी. आमच्या शेजारणीनं माझा काटा पाहून तसाच आणला आणि त्यावर जोखून पापडाची पाकिटं विकायला सुरुवात केली. असं करता येत नाही. विक्रीसाठीचा काटा वैध मापन शास्त्र विभागाकडून तपासून शिक्का मारलेला लागतो आणि डिजिटल काट्याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. हा घरगुती काटा त्या कामाचा नाहीच. तिला मी स्वतः सोबत जाऊन शिक्क्याचा काटा घेऊन दिला. लेबलही बदलून घेतलं. तिनं 'जीएमएस' छापलं होतं. ग्रॅमची खूण फक्त एक लहान जी, अनेकवचनाचा एस नाही, शेवटी टिंब नाही. किलोग्रॅमला लहान के आणि लहान जी. मोठ्या अक्षरांचा अर्थ निराळा आहे: मोठा के हे तापमानाच्या केल्व्हिनचं चिन्ह. लहान एम आणि जी म्हणजे मिलिग्रॅम, पण तोच एम मोठा काढला तर मेगाग्रॅम, म्हणजे अख्खा टन. लीटरचा एल तेवढा दोन्ही प्रकारे चालतो, कारण लहान एल एक आकड्यासारखा दिसतो म्हणून मोठ्यालाही मान्यता दिली गेली. तिला हे सगळं किचकट वाटलं. मला वाटत नाही. पाकिटावरची ती दोन अक्षरं वाचूनच कुणीतरी पैसे मोजणार आहे.

वापरातल्या बाकी अडचणी थोडक्यात. मोठी परात ठेवली की पडदा झाकला जातो; मी खाली एक उपडी वाटी ठेवते, धडा करते आणि वर परात ठेवते. दोन मिनिटं हात लावला नाही तर काटा बंद पडतो आणि केलेला धडा जातो. डाळ भाजता भाजता जोखायची असेल तर हे फार जाचतं. म्हणून रिकाम्या भांड्याचं वजन मी भांड्याच्या बुडाला खडूनं लिहून ठेवलंय. काच पुसायला सोपी आहे, हळदीचा डाग राहत नाही. सेल अजून पहिलेच चालू आहेत. पाच किलोच्या वर गेलं की इंग्रजीत 'ओ-एलडी' येतं, त्याचा अर्थ भार जास्त झाला; काटा बिघडला असं समजून घाबरू नका.

आणि तोळ्याच्या खाली हा काटा उपयोगाचा नाही. आईच्या डबीत गुंजा आहेत, लाल, काळ्या टोकाच्या. आठ ठेवल्या, म्हणजे एक मासा, ग्रॅमच्या जरासा आत. कधी १ दाखवतो, कधी ०. एकेक करून हळूहळू टाकल्या तर शून्यावरून हलतच नाही. वाटी आधी ठेवून, धडा न करता, सगळ्या एकदम टाकल्या तर आकडा एकानं वाढतो. केशर, जायपत्री, हिंग, वेलची यांच्यासाठी यावर विसंबू नका.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा 'कोणताही द्रव मोजा' या छापील वाक्यासाठी कापलाय आणि एक तारा त्या मुंगीएवढ्या अक्षरांसाठी. वजन मात्र चोख दाखवतो, आणि ज्यांच्या घरात अशी एखादी वही आहे त्यांनी तो नक्की घ्यावा, आणि वही वाचून दाखवणारं माणूस घरात आहे तोवर घ्यावा. मावशीकडे मी पुढच्या आठवड्यात काटा आणि वही दोन्ही घेऊन जातेय. पापडाच्या पानावर 'चि. मीठ' आहे. डाळ मापटी-चिपटीत आहे, म्हणून तिथलं 'चि.' चिपटं की चिमूट हे मला ठरवता येत नाही. एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटाही मागवलाय. तो आला की हिंगाची ओळ पुन्हा लिहायची आहे.